ताजी कणसं: निवडणं, सोलणं, केस काढणं, दाणे काढणं. तुमच्याकडे कसं करतात?

पाऊसपाणी (पुणे)
मंडळी, पाऊस बरा लागलाय आणि बाजारात कणसांचे ढीग आलेत. रविवारी घरी बारा माणसं जेवायला आहेत. बेत असा: सकाळी नाश्त्याला कणसाचा कीस, जेवणात दाण्याच्या कुटातली कणसाच्या तुकड्यांची रस्सा भाजी आणि संध्याकाळी पोरांना भाजून किंवा उकडून कणसं.

पाकिटातले गोठवलेले दाणे मला या तिन्हीत नको आहेत. ताज्या कणसाचा चीक, त्याचा वास त्यात नसतो हे माझं ठाम मत आहे. पण ताज्या कणसाची पूर्वतयारी हे मोठं काम आहे आणि त्यावर नीट लिहिलेलं कुठे सापडत नाही. सगळ्या पाककृती सुरूच होतात ‘दोन वाट्या मक्याचे दाणे’पासून.

तर विचारायचंय ते असं. सोलून न बघता चांगलं कणीस ओळखायचं कसं? केस पटकन आणि पूर्ण कसे निघतात? अख्खे दाणे हवे असतील तर काय करता? उकडताना मीठ घालायचं की नाही? आणि शनिवारी रात्री सोलून, किसून ठेवलं तर चालेल का?

मंडईकर
निवडण्याचं मी सांगतो. आधी देठाकडची कापलेली बाजू बघा. ओलसर, फिकट हिरवी असेल तर तोड ताजी आहे. तपकिरी पडून सुकली असेल तर दोन-तीन दिवस झालेत. मग पानं: हिरवी, अंगाला घट्ट चिकटलेली हवीत. मग केस: बाहेरचं टोक तपकिरी झालेलं चांगलं, पण आत शिरतात तिथे फिकट आणि ओलसर हवेत. सगळेच केस पांढरे-हिरवे असतील तर कणीस अजून कोवळं, काळे चिकट झाले असतील तर जुनं.

शेवटी पानांवरूनच अंगठ्याने शेंड्यापर्यंत चाचपत जा. दाणे हाताला लागतात. शेंडा बोथट, भरलेला लागला तर घ्या. टोकदार आणि पोकळ लागला तर वरचे दोन-तीन इंच दाणे भरलेले नाहीत. सोलायची गरज पडत नाही.

निळावंती
मंडईकर, तुमचं सगळं मान्य, पण मी शेंड्याकडची पानं थोडी खाली करून एका दाण्यात नख रोवतेच. पांढरं दूध उडालं की घ्यायचं. पाण्यासारखं आलं तर कोवळं, आणि घट्ट पिठूळ आलं तर निबर. इतकी खात्री दुसऱ्या कशाने होत नाही.

मंडईकर
ताई, खात्री होते, पण न घेतलेलं कणीस तिथेच उघडं पडतं. त्या बाईचं ते सुकतं आणि संध्याकाळी कोणी घेत नाही. एक विचारून उघडा, तेच विकत घ्या आणि त्यावरून ढिगाचा अंदाज करा. एका ढिगातली कणसं बहुतेक एकाच शेतातली असतात.

निळावंती
हे पटलं. तसंच करीन.

येवला शिवार
मी मका पिकवतो म्हणून लिहितो. नखाची परीक्षा आम्हीही शेतात करतो, पण एका सरीत एक-दोन कणसांवरच. दाणा चिकात असताना तोडायचा हा हिशोब. स्वीट कॉर्नचे केस बाहेर पडल्यापासून साधारण १८ ते २२ दिवसांत ही वेळ येते, ऊन जास्त असेल तर थोडी आधी. त्यातून चार-पाच दिवस गेले की चीक घट्ट होत जातो आणि दाण्याची साल चिवट होते.

तोड भल्या सकाळी करतो. तोडल्यावरही दाणा जिवंतच असतो, त्यातली साखर खर्च होते आणि तिचं पिठात रूपांतर होत राहतं. उन्हात हे फार वेगाने होतं, थंडीत मंदावतं. दुपारभर तापलेल्या गोणीतलं कणीस आणि सकाळचं ताजं कणीस यांच्या चवीतला फरक लहान पोरालाही कळतो. म्हणून ताईंना पहिला सल्ला हा की रविवारची कणसं शनिवारी संध्याकाळी उशिरा किंवा रविवारी पहाटेच आणा.

आणि मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाही. कणसं देशी आणणार की स्वीट कॉर्न? तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यावर बदलतं.

पाऊसपाणी
दादा, विक्रेता दोन्ही ढिगांना ‘एकदम गोड’ म्हणतो! ओळखायचं कसं?

येवला शिवार
स्वीट कॉर्नचा दाणा गडद पिवळा, फुगीर, पातळ सालीचा. बोटाने दाबला तर लगेच फुटतो. देशी दाणा पांढरा किंवा फिकट पिवळा, ओळीत घट्ट बसलेला आणि दाबायला जरा कठीण. शहरात गावरान म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं आमच्याकडच्या संकरित मक्याचं हिरवं कणीस असतं, जे वाळवलं असतं तर कोंबड्यांच्या खाद्याला गेलं असतं. त्यात वाईट काही नाही, भाजायला ते उत्तम. स्वीट कॉर्नमध्ये आमच्या भागात ‘शुगर ७५’ हे नाव घरोघरी माहीत आहे.

माझं मत विचाराल तर भाजायला देशी, उकडायला स्वीट कॉर्न, किसाला देशी कोवळं.

इंदुरी मराठी
किसाबद्दल येवलेकर दादांशी शंभर टक्के सहमत. स्वीट कॉर्नचा कीस गोडमिट्ट आणि पाणचट होतो. सविस्तर रात्री लिहिते, तोवर कोणी किसाला मिक्सर सुचवू नका!

प्रयोगवही
साखर आणि पीठ यावर थोडी भर. साध्या मक्याचा दाणा येणारी साखर भराभर पिठात साठवतो. गोड मक्यात एका जनुकातल्या बदलामुळे हे काम अडतं, म्हणून साखर दाण्यातच राहते. जुन्या गोड जातींमध्ये तोडीनंतर गोडी झपाट्याने उतरायची. पुढे ज्या अतिगोड जाती आल्या त्यांच्यात वेगळा जनुक बदललेला आहे, त्यांच्यात मुळात साखर जास्त आणि ती टिकतेही जास्त दिवस. फ्रिजमध्ये ठेवलेलं स्वीट कॉर्न तीन दिवसांनीही गोड लागतं ते त्यामुळे. देशी कणसाला मात्र ही सवलत नाही, ते त्याच दिवशी खावं.

न्यूजर्सीकर
इथे जुलै-ऑगस्टमध्ये शेताच्या बांधावरच्या टपऱ्यांवर सकाळची तोड मिळते आणि जुनी माणसं अजून सांगतात की आधी पाणी उकळायला ठेवा, मग शेतात कणीस तोडायला जा. ते या जुन्या जातींमुळे असणार, आत्ता उलगडा झाला.

आमची अडचण उलटी आहे. इथे सगळं गोडच. सिंहगडावरच्या कणसाची चव हवी असेल तर मिळत नाही. शेतकऱ्याला सांगून झाडावर जास्त दिवस राहिलेली, जरा निबर कणसं मागून घेतो. बाकी गिऱ्हाईक ती घेत नाही, आम्हा चार-पाच मराठी घरांना मात्र तीच हवी असतात.

शेगडी
@न्यूजर्सीकर, अगदी बरोबर करताय. भाजायला कणीस थोडं पुढे गेलेलंच हवं. फार कोवळ्या दाण्यात पाणी जास्त, ते आचेवर सुरकुततं आणि खमंगपणा येत नाही.

किचनकट्टा
केसांवर येऊ का? मी पानं एकेक सोलत नाही. शेंड्याकडे दोन्ही अंगठे घालून पानं आणि केस मिळून दोन मुठींत धरायचे आणि दोन्ही बाजूंनी एकदम देठापर्यंत ओढायचे. निम्म्याहून जास्त केस पानांबरोबरच येतात. देठाशी कडकन मोडायचं. उरलेल्या केसांसाठी ओलसर सुती फडकं घट्ट पिळून कणसावर शेंड्याकडून देठाकडे फिरवायचं. कोरडा हात फिरवलात तर केस ओळींच्या फटीत अजून आत बसतात.

अंगणातली
फडक्यापेक्षा मऊ ब्रश. बटाटे घासायचा वेगळा ठेवलेला असतो ना, तोच. वाहत्या नळाखाली आडवा फिरवायचा.

किचनकट्टा
ब्रशने कोवळे दाणे फुटतात, चीक वाहून जातो. देशी कणसाला ब्रश चालेल.

न्यूजर्सीकर
मायक्रोवेव्ह असेल तर केसांचा प्रश्नच संपतो. कणीस न सोलता, पानांसकट, पूर्ण ताकदीवर ३ ते ५ मिनिटं. मग बाहेर काढून देठाकडचा भाग अशा ठिकाणी कापायचा की दाण्यांची शेवटची ओळही कापली जाईल. आता शेंड्याकडून कापडाने धरून दाबा. कणीस स्वच्छ बाहेर घसरतं, पानं आणि केस हातात राहतात. गरम असतं, जाड कापड घ्या.

वरणभात
आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही.

न्यूजर्सीकर
मग वाफ. पानांची बाहेरची जाड थरं काढून आतली तीन-चार ठेवा आणि मोदकपात्रात १०-१२ मिनिटं वाफवा. गरम झालं की केस दाण्यांना चिकटून राहत नाहीत.

निळावंती
पानांसकट शिजवायचं तर आत अळी असली तर?? मला या एका कारणासाठी आधी सोलल्याशिवाय चैन पडत नाही.

येवला शिवार
रास्त शंका. शेंड्याला असते ती बहुतेक घाटे अळी. ती केसांतून आत शिरते आणि शेंड्याकडून खात खाली येते. म्हणून शिजवण्याआधी शेंड्याचा दीड-दोन इंच भाग आडवा कापा आणि बघा. दाणे कुरतडलेले किंवा आत विष्ठेचा भुसा दिसला तर स्वच्छ भाग लागेपर्यंत कापा. खालचं कणीस अगदी चांगलं असतं.

२०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आल्यावर आमचं काम फार वाढलं. ती मुख्यतः पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, बसून पानं खाते, पण कणसातही जाते आणि कधी बाजूने पानांना भोक पाडून शिरते. तेव्हा घेताना पानांवर भोक नाही ना एवढं बघा. पण ताई, एक सांगतो, शेंड्याला एखादी अळी दिसली म्हणून अख्खं कणीस फेकू नका. त्यामागे तीन महिन्यांची मेहनत असते.

अंगणातली
दादा, मधले मधले दाणेच नसतात ते अळीमुळे का?

येवला शिवार
नाही, ते परागीभवनाचं. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. वरच्या तुऱ्यातला पराग ज्या केसावर पडला त्याचाच दाणा भरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, तिथे जागा रिकामी. फुलोऱ्यात कडक ऊन पडलं, पाण्याचा ताण बसला किंवा एकसारखी झड लागली की अशी बोडकी कणसं निघतात. चवीला काही फरक नाही. तुम्ही जे केस वैतागून काढता, त्यातल्या प्रत्येकाने एक दाणा भरलाय!

अंगणातली
हे माहीतच नव्हतं. आता केस काढताना हात जपून चालेल.

प्रयोगवही
अजून एक गंमत मुलांना दाखवा. कणीस आडवं मोडून ओळी मोजा. संख्या समच येते: १२, १४, १६ अशी. मक्याची फुलं कणसावर जोडीजोडीने येतात, म्हणून ओळीही जोडीने.

वरणभात
आत्ताच मोजल्या. १४! धाकटी आता फ्रिजमधली सगळी कणसं काढून बसली आहे.

वरणभात
दुसरं १६, तिसरं १४. एका कणसावर १५ आल्या म्हणून भांडण झालं, मग मी मोजल्या तर १६. एक ओळ देठाकडे बारीक होऊन दबली होती.

शेगडी
भाजण्यावर लिहायचं राहिलं होतं. पोरांना गॅसवर भाजून देणार असाल तर ज्योतीवर थेट धरू नका. दाणा बाहेरून काळा आणि आतून कच्चा राहतो, शिवाय फुटून उडतो. पापड भाजायची जाळी ठेवा, मध्यम आच, आणि कणीस सतत थोडं थोडं फिरवा. एका बाजूला खमंग ठिपके आले की पुढची बाजू. कोळशाची शेगडी काढता आली तर मात्र दुसरं काही नको. निखाऱ्यावर राख धरू द्या, मग कणीस ठेवा, आणि गरज पडेल तसा हलका वारा घाला.

सोलताना देठ तोडू नका आणि पानं पूर्ण काढू नका. मागे दुमडून बांधली की धरायला मूठ होते. लिंबू कणीस गरम असतानाच चोळायचं. अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून दाबत फिरवलं की रसामुळे मीठ दाण्याला धरतं. आधी कोरडं मीठ लावलं तर ते सगळं ताटात पडतं.

सातपुडा
आमच्या धडगाव भागात शेगडी-जाळी काही नाही. चुलीतला जाळ विझला की पानांसकट कणीस गरम राखेत, फुफाट्यात पुरतात. वरची पानं जळतात, आतली हिरवी दाणा वाफवतात. बाहेर काढून झटकलं आणि सोललं की केस पानांबरोबर आपोआप निघतात. त्याला धुराचा जो वास असतो तो जाळीवर येत नाही. पांढरा मका हवा त्याला. पाऊस संपता संपता घरोघरी संध्याकाळी हेच खाणं असतं आणि वाळलेल्या मक्याची भाकरी वर्षभर.

शेगडी
सातपुडा, याच्यावर काही नाही. मान्य.

निळावंती
फुफाट्यातलं कणीस… किती वर्षांनी हा शब्द वाचला. माहेरी पाणी तापवायच्या बंबाखालच्या राखेत आम्ही रताळी आणि कणसं घालायचो.

वरणभात
मिठावर कोणी बोलेल का? आमच्या सासूबाई म्हणतात, उकडताना मीठ घातलं की दाणे कडक होतात. मी अनेक वर्षं बिनमिठाचं उकडते.

प्रयोगवही
स्वीट कॉर्नवर मी दोन पातेल्यांत एकाच वेळी करून पाहिलं आहे, एकात मीठ, एकात नाही. कडकपणात फरक लागला नाही. दाणा चिवट होतो तो बहुतेक दोन कारणांनी: कणीस मुळात निबर असतं, किंवा स्वीट कॉर्न फार वेळ उकळलेलं असतं. विहिरीचं-बोअरचं जड पाणीही विचारात घ्या. त्यातला कॅल्शियम भाज्यांची साल घट्ट ठेवतो. त्यामुळे सासूबाईंचा अनुभव खरा असेल, पण दोष मिठापेक्षा पाण्याचा किंवा कणसाचा असू शकेल.

मंडईकर
मीठ घातलं तरी ते दाण्याच्या सालीतून आत जात नाही. मग घालायचं कशाला? वरून लावा.

किचनकट्टा
आत जातं की! उकडल्यावर त्याच मिठाच्या पाण्यात गरम राहू द्या अर्धा तास. चव लागते. हळदही घाला चिमूटभर, देशी पांढऱ्या कणसाला रंग सुरेख येतो.

मंडईकर
अर्धा तास पाण्यात ठेवलं तर स्वीट कॉर्नची गोडी पाण्यात उतरते. देशीला करा, याला नको.

किचनकट्टा
देशीबद्दलच बोलतेय मी :)

वेळा सांगते. स्वीट कॉर्न उकळत्या पाण्यात सोडलं की ५-६ मिनिटं, झालं. कुकर लावायचाच असेल तर एक शिटी. देशी कणसाला कुकरच हवा, चार-पाच शिट्ट्या, आणि कणीस निबर असेल तर त्यानंतर मंद आचेवर दहा मिनिटं अजून. दोन्ही एकाच कुकरात घालू नका.

इंदुरी मराठी
आले. आमच्या चार पिढ्या इंदुरात आहेत, घरात मराठी, बाहेर हिंदी-माळवी, आणि पावसाळ्यात भुट्टे का कीस दोन्हीकडे. सराफ्यात, म्हणजे इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, तो मोठ्या कढईत मंद आचेवर हलत असतो. तिथल्या चवीचं सगळं मर्म किसण्यात आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

कणीस कोवळं, नखाने दूध उडणारं. केस अगदी एकही ठेवायचा नाही, कारण किसात गेलेला केस नंतर काढता येत नाही आणि घासात दाताखाली येतो. सुरीच्या टोकाने प्रत्येक ओळीच्या दाण्यांना मधोमध उभी चीर द्यायची, देठापासून शेंड्यापर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण चिरलेल्या दाण्यातला गर सहज निघतो आणि साली बऱ्याचशा कणसालाच राहतात. मग किसणीच्या मध्यम भोकांवर, परातीत. अगदी बारीक भोकं घेतलीत तर नुसता लगदा होतो, मोठी घेतलीत तर अख्खे दाणे पडतात. दांड्यापर्यंत किसू नका, दांड्याचा पांढरा चोथा आला की कीस कोरडा होतो. शेवटी सुरीच्या उलट्या धारेने कणीस वरून खाली निपटायचं, उरलेलं दूध परातीत उतरतं. सगळी चव त्या दुधात आहे.

कढईत तूप हात न आखडता. मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद, मग कीस. मंद आचेवर खाली लागू न देता परतत राहायचं. कच्चा वास जाऊन रंग पालटला आणि तूप कडेला दिसू लागलं की नेहमीचं प्यायचं दूध, बसेल तितकं, थोडं थोडं. झाकून वाफ. मीठ, चिमूट साखर, वरून कोथिंबीर, ओलं खोबरं, लिंबू.

मिक्सरला नाही म्हणते ते यासाठी की तो सालीसकट सगळं वाटतो. कीस चिकट होतो आणि घशाला लागतो.

अंगणातली
पण बारा माणसांना इतकं किसायचं म्हणजे हात गळून जातील. दाणे काढून मिक्सर एकेकदा थांबत थांबत फिरवला, भरड ठेवला, तर आमच्याकडे छान होतो. रोज नोकरीवर जाणाऱ्या बाईला किसणीचा आग्रह करू नये असं मला वाटतं.

इंदुरी मराठी
ताई, आग्रह नाही. घाईच्या दिवशी भरड चालेल. पण पाहुण्यांसाठी, रविवारी, आणि घरात पुरुष माणसं आहेत ना? आमच्याकडे किसायचं काम पहिल्यापासून पुरुषांचं. वडील आणि काका पेपर पसरून बसायचे.

वरणभात
हा मुद्दा ठळक अक्षरांत लिहा.

येवला शिवार
आमच्याकडेही सोलायला सगळे बसतात. सोललेली पानं फेकू नका, जवळ कोणाची गाय-म्हैस असेल तर द्या, फार आवडीने खातात. शहरात असाल तर बारीक करून खताच्या कुंडीत.

न्यूजर्सीकर
पानांवरून आठवलं. मेक्सिकन लोक वाळलेली पानं भिजवून त्यात मक्याचं पीठ भरून वाफवतात, तामाले म्हणतात. मी हिरव्या पानांत तांदळाच्या पिठाच्या पानग्या करून पाहिल्या. केळीच्या पानाची सर नाही, पण मक्याचा गोडसर वास छान उतरतो. दोन पानं एकमेकांवर ठेवावी लागतात.

प्रयोगवही
तामालेच्या पिठाचा मका ते आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात. साल सुटते, पीठ मळता येतं, आणि मुख्य म्हणजे मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही रीत बरोबर गेली नाही आणि जिथे गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगत तिथे पेलाग्रा रोग पसरला. ताज्या कणसाला अर्थात याची गरज नाही, आणि आपण त्याबरोबर डाळ-दूध खातो.

दाणेवाली
अख्खे दाणे कसे काढायचे याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही! मी देते.

एक ओळ सुरीच्या टोकाने उचकटून काढायची. ही एकच ओळ वाया जाते. मग शेजारच्या ओळीवर अंगठा आडवा ठेवून रिकाम्या ओळीच्या बाजूला ढकलायचा. दाणे मुळासकट, अख्खे, टपाटप पडतात. एकेक ओळ अशी करत गोल जायचं. हे देशी आणि बेताच्या निबर कणसावर उत्तम होतं. स्वीट कॉर्न अगदी कोवळं असेल तर दाणे दाबल्यावर फुटतात, त्याला आधी दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात घालून गार करा, मग दाणा घट्ट होतो.

सुरीने कापणार असाल तर कणीस मध्ये मोडा. लांब कणीस परातीत उभं राहत नाही, अर्धं राहतं. सपाट बाजू खाली, आणि सुरी वरून खाली. दाण्याच्या पाऊण खोलीवर कापा, मुळाशी गेलात की दांड्याचे कडक तुकडे येतात आणि ते खाताना दातांत अडकतात. दाणे उडू नयेत म्हणून खाली परातीत ओलं फडकं अंथरा.

निळावंती
विळीवर?

दाणेवाली
विळीवर दाणे नको, कणीस गोल असतं, हात सटकतो. विळी तुकडे करायला घ्या, तीही कणीस आधी वाफवून.

शेगडी
दाणे काढल्यावर दांडे टाकू नका. स्वीट कॉर्नचे दांडे पाण्यात अर्धा तास उकळले की गोडसर पाणी मिळतं. सुपाला, किंवा ताईंच्या रस्सा भाजीला साध्या पाण्याऐवजी तेच वापरा.

पाऊसपाणी
किती काय काय मिळालं! सगळं वहीत उतरवलं. ठरलं: किसाला आणि भाजायला देशी, रश्शाला स्वीट कॉर्न. किसायला नवरा आणि दीर, त्यांना इंदुरी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला आहे. पण शनिवारी रात्री काय काय करून ठेवू ते राहिलंच. आणि रश्शाचे तुकडे कच्चे कापू की शिजवून?

प्रयोगवही
सोललेलं कणीस रात्रभर ठेवायचंच असेल तर ओलसर कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. पण सोलून ठेवण्यात वेळ फारसा वाचत नाही आणि दाणे सुकतात. पानांसकट ठेवलं तर पानांतली ओल दाण्याला मिळते. कच्चा कीस मात्र रात्री करून ठेवू नका. फुटलेला दाणा लवकर आंबतो. किसाला अगदीच हात लावायचा असेल तर तुपावर परतून, वाफ काढून गार करून ठेवा, दूध सकाळी घाला.

पुढच्या महिन्यांसाठी दाणे साठवायचे असतील तर सोललेलं कणीस उकळत्या पाण्यात साधारण ४ मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, मग दाणे काढून कोरडे करून फ्रीजरमध्ये. उकळल्याने दाण्यातली विकरं (एन्झाइम) थांबतात, नाहीतर गोठवल्यावरही चव बदलत राहते.

दाणेवाली
रश्शाला स्वीट कॉर्न घेताय तर ५ मिनिटं उकळून मग दोन बोटं जाडीचे गोल तुकडे करा. कच्च्याला सुरी जोराने दाबावी लागते आणि कडेचे दाणे चेंगरतात. सुरीची टाच कणसावर रोवायची, मुठीने एक दणका, आणि तुकडा मोडून घ्यायचा. उकळलेलं पाणी रश्शाला ठेवा.

दाण्याचा कूट शेवटी घाला, तुकडे मसाल्यात दहा मिनिटं मुरल्यावर. आधी घातला तर खाली लागतो. आणि वाढताना प्रत्येकाच्या ताटाजवळ दांडे ठेवायला वाटी द्या, नवी माणसं संकोचतात.

पाऊसपाणी
शेवटचं विचारते. बारा जणांना किसाला कणसं किती?

इंदुरी मराठी
माणशी एक मोठं देशी कणीस, आणि वर तीन. शेंडे कापण्यात थोडं जातंच, आणि किसणारे मधून मधून कोवळे दाणे खातात.

मंडईकर
शनिवारी संध्याकाळी सहानंतर या बाजारात, तेव्हा दुसरी गाडी येते. देठाची बाजू बघायला विसरू नका.